मापांची वही

दर नोव्हेंबरात चर्चबाहेरच्या दगडावरची नावं
पाद्री हुद्द्याप्रमाणे वाचतो.
आधी कॅप्टन, मग सार्जंट, मग बाकीचे.
मी मनातल्या मनात वेगळा क्रम धरते:
सहा नंबर, सात, साडेसात,
आणि सगळ्यात शेवटी एकन बेथून, तेरा,
ज्याच्यासाठी बाबांना लाकडाचा नवा साचा कोरावा लागला होता.

बाबा बॅलनागॉरला जोडे शिवायचे.
पलटण म्हणजे तरी काय, खोऱ्यातलीच पोरं,
पीट कापणारी, मेंढ्या राखणारी,
हेरिंगच्या खवल्यांनी मनगटं चमकणारी.
सरकारी बूट सगळ्यांना सारखे,
पाय ज्याचे त्याचे.
म्हणून रात्री एकेक जण दुकानात यायचा,
मोजे काढून वहीच्या कोऱ्या पानावर उभा राहायचा.
बाबा पावलाभोवती पेन्सिल फिरवायचे,
मी कंदील धरायचे. अकरा वर्षांची होते.
दिवसभर संगिनी भोसकायला शिकलेली माणसं
पेन्सिलीच्या गुदगुल्यांनी हसायची.

वहीत बाबांचं अक्षर:
डगाल मन्रो. डावा उजव्याहून दोन रेघा लांब.
ल्यूइस शॉ. करंगळी नाही, विळ्याने गेली.
नॉर्मन ग्रासिक. टाचेखाली लोकर घालणे. फोड येतात, सांगत नाही.
अर्कार्ट भाऊ. माप एकच. एका जोडीवर खूण करणे,
नाहीतर भांडतील.

पाय निघत नाही, म्हणतात.
निघाले.
बुटाबुटाला तेरा खिळे, पुलाच्या दगडांवर,
पाइपवाला पार वळणापलीकडे गेला
तरी पूल वाजतच होता.

जूनमध्ये कळलं की फ्रान्सच्या किनाऱ्यावर धुकं होतं
आणि बोटी आल्या नाहीत.
जे उरले त्यांना बंदी करून
पूर्वेकडे चालवत नेलं.
तारा येत राहिल्या. बायका एकमेकींच्या दारात उभ्या.
बाबांनी कुणालाच काही विचारलं नाही.
शाळेतून नकाशा आणला,
मेण लावलेला दोरा रस्त्यांवरून वळवत गेले,
किनाऱ्यापासून जर्मनीपर्यंत,
मग दोरा पट्टीवर ताणला.
म्हणाले, तळ चारशे मैल टिकतो.
दोरा पट्टीच्या बाहेर लोंबत होता.

पाच वर्षांनी ल्यूइस शॉ आला,
लाकडी खडावांसारखं काहीतरी पायात घालून.
बसला नाही. गल्ल्यावर टाचेचा एक नाल ठेवला,
कडेला झिजून कागदासारखा झालेला.
"डगालचा," तो म्हणाला.
"त्यानेच सांगितलं होतं, माझे काढून घे.
घातले.
डावा मला सैल व्हायचा. पुढे गवत कोंबायचो."
मग बऱ्याच वेळाने,
"माझी जागा त्यात कधी झालीच नाही, फर्कर."
बाबांनी वही काढली, पान उलटलं,
आणि पेन्सिलीच्या त्या डाव्या पावलात
टाचेच्या जागी नाल ठेवला.
मेला, असं त्यांनी कुणाच्याच नावापुढे लिहिलेलं नाही.
मापं तेवढी आहेत.

आता मी काठी घेऊन येते.
दोन मिनिटं शांत उभं राहायचं असतं,
सगळे माना खाली घालतात.
मी बूट बघते. जन्माची खोड.
कोण बाहेरच्या कडेवर चालतं, कुणाचा अंगठा वर टोचतोय,
कुणी आजच्यापुरतं पॉलिश केलंय.

यंदा समोर मन्रोंच्या घरातलं एक पोरगं होतं,
सात-आठ वर्षांचं. एका पायावरून दुसऱ्यावर,
सारखी चुळबुळ. आईने दोनदा दटावलं.
बिगुल संपल्यावर मी तिला गाठलं,
म्हटलं, रागावू नकोस गं त्याला.
नवे घेशील तेव्हा
माप डाव्याचं घे.